पहिला एल्क, पहिली रायफल: आधी खांदा बघा, मग कॅलिबर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही डेन्व्हरला राहता, गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं, आणि पुढच्या ऑक्टोबरात ऑफिसातल्या दोघांबरोबर एल्कच्या, म्हणजे सांबराच्या कुळातल्या इथल्या थोराड जनावराच्या, शिकारीला जायचंय. कॉलेजात एनसीसीला असताना पॉइंट टू-टू रायफलने पाच-दहा गोळ्या मारल्यात, त्यानंतर बंदुकीला हात लावलेला नाही. एक मित्र म्हणतो .३०० विंचेस्टर मॅग्नमशिवाय (हे दांडगं काडतूस) एल्क पडत नाही, दुसरा म्हणतो ६.५ क्रीडमूर (हे त्यामानाने हलकं) घे आणि गप बस, आणि दुकानातल्या माणसाने तर सरळ एआर-१०, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी सेमी-ऑटोमॅटिक रायफल, काढून तुमच्या हातात ठेवली. बजेट दीड हजार डॉलर, त्यात "सगळं". तर घेऊ कुठली?

मी मूळचा कुडाळकडचा. आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, भातात डुक्कर उतरले की रात्री एक बार काढायचे, तोही बहुतेक वेळा हवेतच. दारू ठासायला बसले की आम्हा पोरांना पडवीतून खाली पिटाळायचे. माझं बंदुकीचं बाळकडू एवढंच. कोलोरॅडोत येऊन २१ वर्षं झाली, एल्कचे चौदा सीझन झाले, आणि गेली काही वर्षं हंटर एज्युकेशनच्या क्लासला रेंजवर मदतीला उभा असतो, त्यामुळे नवीन माणूस नेमका कुठे अडखळतो ते रोज समोर दिसतं. मी स्वतः कुठे अडखळलो तेही सांगणारच आहे.

तर, तिघंही खोटं बोलत नाहीयेत बरं का. .३०० ने एल्क पडतो, क्रीडमूरनेही पडतो, एआर-१० नेही पडेल. पण तिघांपैकी एकानेही तुम्हाला विचारलेलं दिसत नाही की बाबा रे, तू आजवर मोठ्या कॅलिबरचा (नळीच्या आतल्या मापाचा) एक तरी बार काढलायस का. एल्कला कुठली बंदूक पुरते याचं उत्तर सोपं आहे, बऱ्याच पुरतात. ऑक्टोबरपर्यंत तुम्हाला कुठली झेपेल, हा खरा प्रश्न.

पण त्याआधी कागद, नाहीतर उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग असं व्हायचं. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ ला किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचं लायसन्स काढायचं तर हंटर एज्युकेशनचं कार्ड लागतं, म्हणजे तुम्हाला लागणारच. हा कोर्स रायफल घ्यायच्या आधी करा, नंतर नाही. तिथे तुम्हाला वेगवेगळ्या बंदुका उचलून बघायला मिळतात, शिकवणारे बहुतेक व्हॉलंटियर असतात आणि त्यांना काही विकायचं नसतं. रेसिडेंट म्हणून टॅग, म्हणजे एक जनावर मारायचा परवाना, हवा असेल तर राज्यात सलग सहा महिने वास्तव्य पाहिजे, ते तुमचं झालेलं दिसतंय. कुठल्या युनिटचा (शिकारीच्या विभागाचा) टॅग ड्रॉमधून, म्हणजे सोडतीतून, आणि कुठला सरळ काउंटरवर हे दर काही वर्षांनी बदलतं, त्यामुळे पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याचं त्या वर्षीचं ब्रोशर उघडून बघा, मित्राच्या आठवणीवर जाऊ नका. ड्रॉची मुदत एप्रिलच्या सुरुवातीलाच संपते हे मात्र आत्ताच कॅलेंडरला लावून ठेवा, दरवर्षी कोणीतरी सप्टेंबरात जागा होतो.

ग्रीन कार्डवर रायफल घेता येते. दुकानात ४४७३ नंबरचा फेडरल फॉर्म भरायचा, त्यात तुमचा ग्रीन कार्डवरचा एलियन नंबर लिहायचा, मग राज्याचं ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेशन बॅकग्राउंड चेक करतं. ऑक्टोबर २०२३ पासून कोलोरॅडोत हा चेक सुरू झाल्यापासून निदान तीन दिवस थांबावं लागतं, त्यामुळे शुक्रवारी घेतली आणि शनिवारी डोंगरात गेलो हे विसरा. एच-वन-बी वाल्यांची गोष्ट वेगळी, त्यांना फेडरल कायद्याने बंदूक घेणं तर सोडाच, नुसती जवळ बाळगायलाही बंदी आहे, पण वैध हंटिंग लायसन्स असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणजे त्यांच्यासाठी क्रम पक्का, लायसन्स आधी. तुमच्या मित्रमंडळात कोणी व्हिसावर असेल आणि "जरा बघू दे रे हातात" म्हणून रायफल उचलत असेल, तर गंमत म्हणूनही देऊ नका.

आणि अजून एक, डेन्व्हरला राहता म्हणून मुद्दाम सांगतो. गांजा इथे २०१२ च्या मतदानानंतर कायदेशीर झाला, कोपऱ्या-कोपऱ्यावर दुकानं आहेत, पण त्या ४४७३ फॉर्मवर तो प्रश्न आहे आणि राज्यात कायदेशीर असला तरी फेडरल कायद्याने नाही असं तिथेच छापलंय. फॉर्मवर खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा, आणि तुम्ही तर अजून सिटिझन नाही, पुढे नागरिकत्वाच्या वेळी हे सगळं उकरलं जातं. कधी अटक झाली असेल, कोर्टाची काही ऑर्डर असेल, तर मला किंवा दुकानदाराला विचारू नका, वकिलाला विचारा. इथे मी सांगतोय ते सरळ-साध्या केससाठी.

आता माझी चूक.

मी पहिली रायफल घेतली ती .३०० विन मॅगच. कारण तेच, दुकानात शेजारी उभ्या म्हाताऱ्याने सांगितलं, एल्क म्हणजे काय हरिण नव्हे. आणि ते खरंच आहे, नर एल्क सातशे पाउंडांचा, म्हणजे ३२० किलोच्या आसपास, आपल्या सांबराचा थोराड चुलतभाऊच म्हणा. वर डोंगर चढायला बरी म्हणून मी रायफल निवडली साडेसहा पाउंडांची, हलकी. हलकी रायफल आणि दांडगं काडतूस, हे म्हणजे मोपेडला ट्रकचं इंजिन. पहिल्या दिवशी रेंजवर वीस गोळ्या मारल्या, रात्री शर्ट काढला तर खांद्याला वांग्याचा रंग आलेला. बायकोने आंबेहळद उगाळून लावली आणि लावता लावता विचारलं, पैसे देऊन मार खाऊन आलास होय?

मी काही ते मनावर घेतलं नाही, उलट मित्रांना खांदा दाखवत फिरलो. त्या ऑक्टोबरात ॲस्पनच्या झाडीच्या कडेला एक नर आडवा उभा मिळाला, १६० यार्ड, वारा नाही, तो चरतोय, मी पॅकवर रायफल टेकवून आडवा पडलेलो, याहून सोपा बार आयुष्यात मिळत नाही. चाप ओढला. तो कुबड काढल्यासारखा झाला आणि झाडीत शिरला. गोळी मागे लागली होती, पोटात. दीड दिवस माग काढला, पिवळ्या पानांवर करंगळीच्या नखाएवढे थेंब, वीस-वीस पावलांवर एक, मग तीस पावलांवर, दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फ आला आणि माग संपला. तो एल्क मला मिळाला नाही. आजही ॲस्पनची पानं पिवळी पडली की मला पहिले ते थेंब आठवतात.

तेव्हा मला वाटत होतं स्कोप हलला असणार. नाचता येईना अंगण वाकडं. रेंजवर गेलो तर एक ओळखीचा जुना शिकारी म्हणाला दे इकडे, मी भरून देतो. त्याने माझ्या नकळत मध्येच एक डमी काडतूस घातलं. मी श्वास रोखला, चाप ओढला, नुसता खट्ट असा आवाज आला, आणि नळी चांगली दोन इंच खाली गेली, माझे डोळे गच्च मिटलेले. बार झालाच नव्हता, धक्का बसलाच नव्हता, तरी माझ्या अंगाने आधीच मान टाकली होती. याला फ्लिंच म्हणतात, आणि ही इच्छाशक्तीने जाणारी गोष्ट नाही, शरीर एकदा शिकलं की शिकलं. मला ती घालवायला दीड वर्ष पॉइंट टू-टू वर परत पहिलीपासून गिरवावं लागलं. स्कोप जागच्या जागी होता.

म्हणून मी कॅलिबरकडे आता धक्क्याच्या बाजूने बघतो. साधारण आठ पाउंडांच्या रायफलमध्ये ६.५ क्रीडमूर १२-१३ फूट-पाउंडांचा (हे जोर मोजायचं माप) धक्का देते, ७ एमएम-०८ साधारण १४-१५, .३०८ विंचेस्टर १७ च्या आसपास, .३०-०६ म्हणजे थर्टी-ऑट-सिक्स २० च्या पुढे, आणि .३०० विन मॅग २६ किंवा जास्तच. गोळीच्या वजनाप्रमाणे आकडे खालीवर होतात, पण क्रम हाच राहतो. बहुतेक नवीन लोक साधारण १५ पर्यंत मजेत शिकतात, वीसच्या आसपास दात आवळायला लागतात, आणि त्यापुढे गेले की खोटं बोलायला लागतात, "काही नाही हो, जाणवतही नाही". माझ्या क्लासमधला अनुभव आहे, कुठे छापून आलेला नियम नाही.

आता दुसरी बाजू, म्हणजे एल्कला किमान किती लागतं. कोलोरॅडोचा कायदा सांगतो की नळीचं कॅलिबर निदान .२४ म्हणजे ६ एमएम हवं, नळी किमान १६ इंच आणि पूर्ण रायफल किमान २६ इंच, गोळी लागल्यावर फुलणारी हवी, एल्कसाठी तिचं वजन निदान ८५ ग्रेन (साधारण साडेपाच ग्रॅम), आणि १०० यार्डांवर तिच्यात निदान हजार फूट-पाउंड जोर उरलेला पाहिजे. या हिशोबाने .२४३ विंचेस्टरही चालते आणि लोक तिने एल्क पाडतातही, पण ते लोक वीस-वीस वर्षं मुरलेले असतात, नको तो बार सोडून देतात. नवीन माणसाला मी थोडी सवड ठेवायला सांगतो, कारण पहिल्या वर्षी हात थरथरणारच, एल्क नेमका पाहिजे तसा उभा राहणार नाही.

या दोन्हींच्या मधला जो पट्टा उरतो, ७ एमएम-०८, .३०८, ६.५ क्रीडमूर, फार तर .२७०, त्यातली कुठलीही घ्या, मी भांडणार नाही. .२७० हे १९२५ चं काडतूस, .३०८ हे १९५२ चं, क्रीडमूर २००७ चं, आणि मधल्या काळात एल्कची कातडी काही जाड झालेली नाही. तुम्ही मध्यम बांध्याचे असाल तर मी तुम्हाला .३०८ सांगेन, कारण तिची काडतुसं क्रेग किंवा मीकरसारख्या छोट्या गावातल्या दुकानातही मिळतात, आणि काडतुसांचा डबा घरी फ्रीजवर विसरून दोनशे मैल गेलेले लोक मला माहीत आहेत (एक मीच). चण किरकोळ असेल किंवा रेंजवर .३०८ मारून नको वाटलं तर ७ एमएम-०८ किंवा क्रीडमूर. माझी बायको ७ एमएम-०८ वापरते, धक्क्याची तक्रार नाही, आणि घरातला फ्रीझर माझ्यापेक्षा तिने जास्त वेळा भरलाय. क्रीडमूर घेतलीत तर एक अट, १४० ग्रेनच्या आसपासची चांगली गोळी वापरायची आणि इंटरनेटवरची सातशे यार्डांची व्हिडिओ बघायची नाहीत.

उत्तर कुठे बदलेल तेही सांगतो. उघड्या माळावर लांबूनच बार काढायचे असतील, तुम्ही सहा फुटी दणकट असाल, आणि वर्षभर आठवड्याला रेंजवर जाणार असाल, तर .३०-०६ काय .३०० काय, घ्या. १९०६ पासून थर्टी-ऑट-सिक्सने इथले डोंगर पालथे घातलेत, तिला नावं ठेवण्याची माझी टाप नाही. पण तुम्हीच लिहिलंय की दोन पोरं लहान आहेत, नोकरी धावपळीची, महिन्यातून दोन रविवार मिळतील. मग झेपेल तेच.

रायफलचा प्रकार म्हणाल तर बोल्ट ॲक्शन, विषय संपला. आपल्याकडच्या दाराच्या कडीसारखी कडी असते, वर उचलून मागे ओढायची, पुढे ढकलून खाली पाडायची. कडी मागे असली की चेंबर, म्हणजे नळीच्या मागची काडतूस बसायची जागा, रिकामं आहे हे तुम्हाला, मित्राला, आणि गाडी थांबवून चेक करणाऱ्या वाइल्डलाइफ ऑफिसरला पाच फुटांवरून दिसतं. एआर-१० बेकायदेशीर नाही, सेमी-ऑटोमॅटिकला इथे मॅगझिन आणि चेंबर मिळून सहाच काडतुसांची मर्यादा आहे तेवढी पाळली की झालं, पण वजनाला दांडगी, बजेट खाऊन टाकणारी, आणि वर सुट्या मॅगझिनच्या बऱ्याच सेमी-ऑटोमॅटिक रायफली विकत घ्यायला ऑगस्ट २०२६ पासून कोलोरॅडोत वेगळं ट्रेनिंग सक्तीचं केलंय. एल्कला दुसरी गोळी पटकन लागते म्हणून सेमी-ऑटो, असं दुकानदार म्हणाला असेल. पहिली नीट बसावी म्हणून कष्ट घ्या ना.

ब्रँडवर फार वेळ घालवू नका. रुगर अमेरिकन, सॅव्हेज, टिक्का, यातली कुठलीही आजकाल तुमच्या-माझ्यापेक्षा अचूकच मारते. अंगाला बसते का ते बघा, आणि ते असं बघायचं. घरून थंडीचं जाड जॅकेट घेऊन दुकानात जा, ऑगस्ट असला तरी, लोक हसले तर हसू दे. जॅकेट घालून, दुकानदाराला विचारून, चेंबर रिकामं आहे हे स्वतः बोट घालून तपासून, मोकळ्या भिंतीकडे तोंड करून डोळे मिटा आणि रायफल खांद्याला लावा. जशी आरामात बसेल तशी. मग डोळे उघडा. स्कोपमधून पूर्ण गोल चित्र दिसलं तर ती तुमची. कडेला काळी कोर दिसली, मान पुढे-मागे करावी लागली, तर दस्ता लांब किंवा आखूड आहे. इथल्या रायफलींचा दस्ता बहुतेक वेळा पावणेचौदा इंचाच्या आसपास असतो, तो इथल्या उंच माणसांच्या मापाने, आपल्या पाच-पाच, पाच-सहा उंचीला वरून जॅकेट चढलं की लांब पडतो. कॉम्पॅक्ट किंवा यूथ मॉडेल घ्यायला लाजू नका. त्यावर "यूथ" लिहिलेलं एल्कला वाचता येत नाही.

तिथेच अजून एक तपासा, तुमचा मुख्य डोळा कुठला. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मध्ये छोटं भोक करा, त्यातून लांबचा विजेचा दिवा बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने दिवा भोकातच राहतो तो मुख्य. उजव्या हाताचे पण डाव्या डोळ्याचे बरेच जण निघतात, आणि आयुष्यभर "माझा नेमच नाही" म्हणत बसतात. तसं असेल तर डाव्या खांद्यावरून शिकायचा विचार आत्ताच करा, अजून सवय लागलेली नाहीये तेव्हाच सोपं आहे.

वजन, स्कोपसकट साडेसात ते आठ पाउंड. हलकी रायफल दुकानात छान वाटते, पण बार काढताना तीच जास्त लाथ मारते. दहा हजार फुटांवर दम लागतो तो पोटावरच्या पाच किलोंमुळे लागतो, रायफलच्या एका पाउंडामुळे नाही (हे मी आरशाला सांगतोय).

स्कोप ३-९x४० (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ४० एमएमची) साधा, ल्यूपोल्ड किंवा व्हॉर्टेक्सचा, तीनशेच्या आत. २०-२५ पट मोठं दाखवणारं घेऊ नका. झाडीत चालताना तो तीनवरच ठेवायचा, कारण चाळीस यार्डांवर एल्क उठला आणि स्कोप नऊवर असला तर तुम्हाला नुसते तपकिरी केस दिसतात, कुठल्या भागाचे ते देवाला माहीत. डोळा स्कोपला चिकटवायचा नाही, साडेतीन इंच तरी अंतर, नाहीतर धक्क्याने स्कोप मागे येतो आणि कपाळावर चंद्रकोर उमटते, दरवर्षी क्लासला एकाची तरी उमटते. .३०८ ला १६५ ग्रेनची गोळी धरून २०० यार्डांवर झिरो केलंत, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी तिथे जुळवलीत, तर १०० वर साधारण दोन इंच वर आणि ३०० वर आठ-नऊ इंच खाली. तुमची मर्यादा पहिल्या वर्षी २०० च. म्हणजे काही मोजायचंच नाही, जिथे पाहिजे तिथे धरायचं.

गोळीवर मात्र कंजुषी नको. साधी फुल मेटल जॅकेट गोळी शिकारीला चालत नाही, कायद्यानेही नाही आणि दयेनेही नाही, ती आरपार बारीक भोक पाडून जाते आणि जनावर मैलभर जाऊन तडफडतं. दुसऱ्या टोकाला फार मऊ गोळी खांद्याच्या हाडावरच फुटून जाते. जॉन नॉस्लर नावाच्या माणसाने १९४६ मध्ये कॅनडात चिखलाने माखलेल्या मूसवर गोळ्या मारल्या, त्या आत शिरेचनात, म्हणून घरी येऊन त्याने मध्ये तांब्याची आडभिंत असलेली गोळी बनवली, पुढचा भाग फुलतो, मागचा घुसत जातो. ती पार्टिशन गोळी १९४८ पासून अजून विकली जाते आणि अजून चालते. मी हल्ली पूर्ण तांब्याची वापरतो, कारण शिशाचे बारीक कण मांसात पसरतात आणि ते मांस माझी पोरं खातात. पण तांब्याची प्रत्येक रायफलला पटतेच असं नाही, दोन-तीन प्रकारचे डबे आणून कागदावर मारून बघावं लागतं. आणि ज्या गोळीवर झिरो केलं तीच डोंगरात न्यायची.

दीड हजाराचा हिशोब असा बसतो: रायफल सहाशे-सातशे, स्कोप अडीचशे-तीनशे, स्कोप रायफलवर बसवायचं माउंट पन्नासेक, कानाला मफ चाळीस, कुलपाची छोटी कपाट-पेटी दीडशे. ही पेटी ऐच्छिक समजू नका, घरात लहान मुलं आहेत, आणि २०२१ पासून राज्याचा कायदाही तेच सांगतो. उरलेलं सगळं काडतुसांना. शिकारीच्या वीस काडतुसांचा डबा तीस ते पन्नासला पडतो, वर एप्रिल २०२५ पासून बंदुका आणि काडतुसांवर राज्याचा साडेसहा टक्के कर बसलाय, म्हणजे दोनशे गोळ्या मारायच्या म्हटल्या तर हिशोब कोलमडतोच. म्हणून जमलं तर एक जुनी पॉइंट टू-टू घ्या किंवा रेंजवर भाड्याने, पन्नास गोळ्या पाच-सहा डॉलरला, दिवसभर मारा. एनसीसीत शिकलेलं परत येईल, पालथं झोपून श्वास सोडता सोडता चाप दाबायचा ते सगळं तेच आहे. मोठ्या रायफलने एका वेळी पंधरा-वीसच गोळ्या, थकण्याच्या आधी थांबायचं. आणि घरी रोज रात्री दहा मिनिटं, काडतुसं दुसऱ्या खोलीत बंद ठेवून, तीनदा तपासून, रिकाम्या रायफलीचा चाप ओढायचा सराव.

टेबलावर रेतीच्या पिशवीवरून मारलेलं धरू नका. डोंगरात टेबल नसतं. जमिनीवर बसून, काठ्यांच्या तिकाटण्यावर रायफल टेकवून, नऊ इंचाची कागदी प्लेट ठेवा, तीच ज्यात गणपतीला प्रसाद वाटतो. एल्कचं काळीज-फुप्फुस याहून थोडं मोठंच असतं. ज्या अंतरावर दहापैकी दहा प्लेटमध्ये बसतात ते तुमचं अंतर. नऊ बसल्या तर जवळ या. आता थोडं पळत जाऊन परत या आणि धापा टाकत मारा, मग कळेल ऑक्टोबरात काय होणार आहे.

मित्राची .३०० "वापरून बघ" म्हणून आठवडाभर घरी आणायची असेल तर जपून. कोलोरॅडोत ओळखीत बंदूक द्यायची तरी बॅकग्राउंड चेक लागतो, रेंजवर किंवा लायसन्स घेऊन प्रत्यक्ष शिकारीत वापरायला सूट आहे, आणि ७२ तासांपर्यंत उसनी देता येते. सोपं म्हणजे रेंजवर दोघांच्या शेजारी बसून दोन्ही मारून बघा. फुकटात अक्कल येते, मला आली तशी महाग पडत नाही.

बाकीचं भराभर. गाडीत चेंबर रिकामं, नेहमी. रस्त्यावरून बार नाही, रस्त्याच्या मध्यापासून निदान ५० फूट बाजूला जायचं. वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. अंगावर ५०० चौरस इंच झगमगीत फ्लुरोसंट केशरी किंवा गुलाबी, आणि डोक्यावरही तेच, सगळीकडून दिसेल असं. क्लासला एका पोराने विचारलं होतं भगवा फेटा चालेल का. फ्लुरोसंट कापडाचा असेल तर कायद्याने काही अडत नाही, पण साधा भगवा संध्याकाळी झाडीत तपकिरीच दिसतो. एल्क पडल्यावर खरं काम सुरू होतं, एकेक मांडी पाठीवर साठ-सत्तर पाउंड, तीन-चार खेपा, म्हणून मित्र सोडून जाऊ नका आणि बुटांवर रायफलीइतकाच विचार करा.

आणि भारतात जायच्या आधी. तिकडे शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून लगाम आहे, आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलेसुरले परवानेही गेले, ते तुम्हाला माहीत असेलच. मी सांगतोय ते सॅकबद्दल. एका डिसेंबरात मी शिकारीचीच सॅक धुऊन मुंबईच्या विमानासाठी भरत होतो, आणि बाजूच्या कप्प्यात, ज्यात मी ड्राय फ्रूट ठेवतो, तिथे बदामांच्या चुऱ्यात एक जिवंत .३०८ चं काडतूस पडलेलं. मुंबईला ते स्कॅनरमध्ये दिसलं असतं तर आर्म्स ॲक्टखाली गुन्हा, आईला दवाखान्यात न्यायच्या ऐवजी मी पोलीस स्टेशनात. तेव्हापासून माझी शिकारीची सॅक वेगळी, तिच्यावर बायकोने लाल लोकरीचा गोंडा बांधलाय, आणि तो गोंडा असलेली सॅक विमानतळाच्या दिशेने जात नाही. तुम्हीही पहिल्या दिवसापासून दोन सॅक करा. हंटर एज्युकेशनची तारीख ठरली की कळवा, तुमच्या भागातल्या क्लासला मी असलो तर .३०८ आणि ७ एमएम-०८ दोन्ही घेऊन येतो.